यंत्रमाणूस मल्लप्पा

गिरणीत माग चालवणाऱ्या मल्लप्पाला आपण कलावंत आहोत असा संशय अठ्ठ्याहत्तर साली सर्कशीत आला. तिथं एक जण यंत्रासारखा नाचत होता. खांदा हलला की मान गप्प, मनगट फिरलं की कोपर गप्प.

मल्लप्पानं सहा महिने आरशापुढं घाम गाळून एकेक अवयव सुटा हलवायची सवय केली. बायको रुद्राणी भाकरी थापता थापता बघायची, बोलायची काहीच नाही. ती भारावली असणार, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

गणपतीत चाळीच्या मांडवात तो अंगाला चंदेरी कागद गुंडाळून उभा राहिला. हात झटक्यानं वर गेला, अडला, खाली आला. समोर सगळे गिरणीवाले. टाळी नाही, शिट्टी नाही. आपल्यातला माणूस पार दिसेनासा झाला, या विचारानं मल्लप्पाला भरून आलं. शेवटी तो खाडकन थांबला.

पहिल्या रांगेत महादेवप्पा जॉबर बसले होते. बंद पडलेले माग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते सवयीनं उठले, स्टेजवर चढले आणि त्याच्या कोपराकडं वाकून बघत म्हणाले, "डावा हात उशिरा उचलतोय. तेल दिलंय का न्हाय?"

मांडव हसून लोळला.

घरी जाताना मल्लप्पानं रुद्राणीला विचारलं, "तुला तरी मी यंत्र वाटलो का?"

"व्हय की," ती म्हणाली. "पण त्याला सहा महिने कशाला लागले? कामावरनं आल्यावर रोज तसंच तर जेवता तुमी."