एक बटण कमी

"जगातली झाडून सगळी मोठी माणसं शाळेत मागेच होती," असं मी एका सोमवारी सकाळी जाहीर केलं. श्रोते दोनच होते, माझी नात आणि तिच्या वर्गाच्या बाई. नात खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी चष्म्यावरून मला नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही पुढे होता वाटतं?"

त्यानंतर मी बराच वेळ काही जाहीर केलं नाही.

मी शिंपी. म्हणजे होतो. दुकान आवरलं तेव्हा मशीन तेवढं घरी आणलं. आता त्याच्यावर औषधाच्या गोळ्या आणि टीव्हीचा रिमोट असतो. निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा असं डॉक्टर म्हणाले होते. छंद सापडायच्या आत नात सापडली. शाळेच्या हजेरीत तिचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण रांगायच्या वयात ती हातातून सुटली की मशीनमधल्या दोऱ्याच्या छोट्या रिळासारखी, बॉबिनसारखी, घरंगळत थेट कपाटाखाली जायची, म्हणून मी तिला बॉबिन म्हणतो. वय वर्षं अकरा, इयत्ता सहावी.

"पोरगी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "तोच तर त्रास आहे. ढ असती तर मी शिकवलं असतं." त्यांनी गणिताची वही माझ्यापुढे सरकवली. एका टाकीला दोन नळ. एक नळ वीस मिनिटांत टाकी भरतो, दुसरा तीस मिनिटांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल? खाली बॉबिनच्या सुबक अक्षरात पायरीमागून पायरी, एकही खाडाखोड नाही, आणि शेवटच्या ओळीत 'म्हणून टाकी भरण्यास लागणारा वेळ', पुढे बरोबरचं चिन्ह, आणि चिन्हाच्या पुढे स्वच्छ पांढरा कागद.

"पुढचंही असंच आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्या पुढचंही. निबंधाला शेवटचं वाक्य नाही. नकाशात नद्या सगळ्या काढल्यात, फक्त एकीला नाव नाही. दोन शेरे देऊन झालेत. तिसऱ्याला मी तिच्या आईला पत्र पाठवणार, समक्ष येऊन भेटा म्हणून. आणि वह्या परीक्षेआधी पूर्ण झाल्या नाहीत तर हिला याच वर्गात पुन्हा बसावं लागेल."

"आई लांब असते हो," मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्हाला आधी बोलावलं. रोज तासभर हिच्यासोबत बसा."

आई म्हणजे माझी लेक. ती इथून दोन दिवसांच्या प्रवासावर, एका बंदरात क्रेन चालवते. चौदा मजल्यांच्या उंचीवर एक काचेची खोली असते, तिच्यात एकटी बसून ती जहाजातून घराएवढाले डबे उचलते आणि धक्क्यावर ठेवते. हे काम मिळवायला तिला सात वर्षं लागली. जावयाबद्दल विचाराल, तर तो फार चांगला माणूस आहे आणि फार लांब राहतो. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा.

तर मी रोज संध्याकाळी पाच ते सहा बॉबिनसोबत बसू लागलो. पहिल्या दिवशी वेळापत्रक केलं. त्यात रंगीत पेन्सिलीने चौकोन आखले. ते आखण्यातच तास संपला, पण मन लावून अभ्यास केल्याचं समाधान मला मिळालं. दुसऱ्या दिवशी बक्षिसाचं आमिष दाखवलं. तिने विचारलं, "तुम्हाला काय हवंय बक्षीस?" तिसऱ्या दिवशी माझ्या लहानपणी आम्ही कसे रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करायचो ते सांगितलं.

"तुमच्या घरात दिवा नव्हता?"

"होता."

"मग?"

चौथ्या दिवशी मी शहाण्यासारखा गप्प बसलो आणि नुसता तिच्या हाताकडे बघत राहिलो. तेव्हा कळलं. मी गणित वाचून संपवायच्या आत ती ते सोडवायची, आणि बरोबरच्या चिन्हापाशी आली की पेन्सिल खाली ठेवायची. कंटाळून नव्हे. अगदी ठरवून.

"टाकी किती वेळात भरते गं?"

"बारा मिनिटांत."

"मग लिही की."

"नको."

"का?"

"तुम्हीच शिकवलंय."

मी काय शिकवलं ते आठवेना. मग तिनेच आठवण करून दिली. शाळेत जायच्या आधीची तीन वर्षं ती माझ्या दुकानात कापायच्या टेबलाखाली बसून असायची, चिंध्यांच्या ढिगात. माझ्या धंद्यातली एक खोड तिने तिथून बघून ठेवली होती. एखादं गिऱ्हाईक मनापासून आवडलं, बोलायला बरं असलं, की मी त्याच्या कपड्याला एक बटण मुद्दाम लावायचो नाही. लावलेलं असलं तर कात्रीच्या टोकाने उसवायचो. घरी जाऊन माणूस कपडा घालून बघतो, एक बटण कमी भरतं, तो परत येतो. "अरेच्चा, राहिलंच की," असं म्हणून मी त्याला स्टूल द्यायचो. बटण लावायला दोन मिनिटं लागतात. मी अर्धा तास लावायचो.

"तुम्ही म्हणायचात, पुरं करून दिलं की माणूस परत येत नाही," बॉबिन म्हणाली.

"मी तुला म्हणायचो?"

"मशीनला म्हणायचात. मी खाली होते."

मग ती उठली आणि कपाटाच्या दाराला चिकटवलेला कागद काढून घेऊन आली. लेकीच्या कामावरचे नियम होते ते. नोकरी पक्की होईपर्यंत मधे रजा नाही, अपवाद तीन. दवाखान्याचं, न्यायालयाचं किंवा शाळेचं पत्र आल्यास चार दिवस.

"दवाखान्याचं बघितलं मी," ती शांतपणे म्हणाली. "पण मला काही होतच नाही. न्यायालयाला फार वर्षं लागतात म्हणे."

आता कुठल्याही जबाबदार आजोबाने इथे काय करायला हवं होतं हे मला ठाऊक आहे. मी "बरं" म्हणालो आणि चहा ठेवायला उठलो.

त्या आठवड्यात तासाला मी रोज बसलो आणि एकदाही उत्तर लिही म्हणालो नाही. दुपारी लेकीच्या खोलीची खिडकी उघडून ठेवली. तिच्या गादीला ऊन दाखवलं. कपाटात एक निळं कापड पडून होतं, त्याचा तिच्यासाठी सदरा बेतायला घेतला. मशीनवरच्या गोळ्या खाली उतरवल्या. खांदे बेतले, गळा बेतला, आणि मग अडलो. चाळीस वर्षं मी माणसं डोक्यापासून पायापर्यंत बघत आलो. माझी लेक मला गेले चार महिने दिसते ती फोनच्या काचेत, आणि तीही खांद्यापर्यंतच. हसते, बोलते, केस कापले की दाखवते. पण कमरेत सुटली आहे की वाळली आहे, ते फोनवर दिसत नाही. "नीट जेवतेस ना?" या प्रश्नाचं "हो" हे उत्तर टेपने मोजता येत नाही. बाह्यांची कच्ची शिलाई घालून मी सदरा तसाच घडी करून ठेवला. म्हटलं, चार दिवस येईल ना, तेव्हा माप घेऊ.

तिसरा शेरा सोमवारी मिळणार होता. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, दुपारच्या सुट्टीत लेकीचा नेहमीचा फोन आला. बॉबिन तिच्याशी नेहमीप्रमाणे बोलली. म्हणजे "हो", "ठीक", "नाही", "हो". मग फोन माझ्याकडे आला.

"बाबा, जरा स्वयंपाकघरात जाता का?"

मी गेलो. दार लोटलं.

"बाईंचा फोन आला होता मला. दोन शेरे झालेत."

"हो, म्हणजे, बसतो आम्ही रोज."

"बाबा, पत्र येऊ देऊ नका."

मी नळ नीट बंद केला. तो बंदच होता. "का गं? पत्र आलं तर रजा मिळेल ना चार दिवस?"

"मिळेल. म्हणूनच सांगते." मागे भोंगा वाजला, ती थांबली, भोंगा थांबला. "नोकरी पक्की व्हायला अकरा आठवडे राहिलेत. मधे रजा घेतली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पक्की झाले की दोन खोल्यांचं घर मिळतं इथे. मग तिला घेऊन येईन. तुम्हालाही."

"मी बंदरावर काय करू? जहाजांना बटणं लावू?"

ती हसली नाही. "पत्र हातात पडलं तर मी निघेन, बाबा. विचारबिचार करणार नाही. वर बसलं की गावाच्या दिशेचा रस्ता दिसतो मला, दिवसभर समोर. मला फक्त एक कारण पुरेल. ते तुम्ही देऊ नका, एवढंच."

मी बरं म्हणालो. आठवड्यात दुसऱ्यांदा.

बाहेर आलो तर बॉबिन पलंगावर वह्या पसरून बसली होती. दार मी लोटलं होतं, बंद केलं नव्हतं, आणि ही पोर टेबलाखाली बसून ऐकण्यात तरबेज. तरी मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं पुन्हा सांगितलं, अकरा आठवडे, मोजणी, दोन खोल्या. ती पेन्सिलीचं टोक नखाने खरवडत राहिली.

"पण तुमची माणसं तर यायची परत," ती म्हणाली.

"यायची. बटण लावून घ्यायची, जायची."

"आजी पण?"

या पोरीला ही गोष्ट कुणी सांगितली ते मला माहीत नाही. बहुधा मीच कधीतरी मशीनला सांगितली असणार. तिची आजी आधी माझं गिऱ्हाईक होती. एक तपकिरी कोट शिवायला टाकला होता तिने. मी एक बटण लावलंच नाही, ती आली. लावलं, आणि दुसरं उसवलं. ती पुन्हा आली. असं तीनदा झालं. मला वाटत होतं, काय पण डोकं लढवतोय आपण. चौथ्यांदा ती आली ती पर्समध्ये स्वतःची सुई आणि तपकिरी दोरा घेऊन. माझ्याच स्टुलावर बसून तिने बटण लावलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "कोट झाला. आता कोटाचं काही काम उरलं नाही. काय बोलायचंय ते बोला."

"मग तुम्ही काय बोललात?"

"कोटाबद्दलच बोललो."

"आणि मग?"

"ती थांबली होती ना. मग बोललो. फार अवघड काम आहे ते, बॉबिन. बटण उसवणं त्यापेक्षा खूप सोपं."

तिने पेन्सिल खाली ठेवली. मग फोन उचलून तिने आईला लावला. सुट्टी संपायला चार मिनिटं होती. पलीकडून लेकीचा घाबरलेला आवाज आला. "काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"आजोबा बरे आहेत," बॉबिन म्हणाली. "आई, मला गणित येतं. सगळंच येतं. मी मुद्दाम लिहीत नव्हते, तू यावीस म्हणून. आता लिहिणारे. पण गणित आलं म्हणजे तू मला नकोयस, असं नाही. एवढंच सांगायचं होतं."

मला फोनची काच दिसत नव्हती, बरं झालं. मग पलीकडे भोंगा वाजला, सुट्टी संपल्याचा.

"आई, भोंगा झाला."

"ऐकला," लेक म्हणाली. "वाजू दे जरा."

ती आणखी मिनिटभर फोनवर होती. दोघीही काही बोलत नव्हत्या. ठेवताना तिने विचारलं, "अकरा आठवडे म्हणजे किती दिवस गं?"

"सत्त्याहत्तर," बॉबिन म्हणाली. या वेळी चिन्हापाशी थांबली नाही.

फोन ठेवून तिने मांडीवरची वही उघडली, पहिल्या पानापासून. बारा मिनिटं. चौतीस मीटर. सात मजूर. उत्तरामागून उत्तर भरत गेली, मला वाचताही येऊ नये अशा वेगाने. मी बघत होतो. कुणीतरी कपडा पुरा करून, घडी घालून, पिशवीत ठेवतंय आणि आता दारातून जाणार, असं मला उगीचच वाटायला लागलं. अर्धी वही झाल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "मी आईकडे राहायला गेले तर तुम्ही खरंच येणार नाही?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मी स्वयंपाकघरातच ओळखलं होतं. मी ताठ बसलो, घसा साफ केला. माणसाने आपल्या लेकरांना पुढे जाऊ द्यावं, मागे राहणाऱ्याचंही एक काम असतं, घराचं दार कुणीतरी उघडं ठेवायला हवं, मग येणारा केव्हाही येवो, असं पुष्कळसं माझ्या मनात जमून आलं होतं, आणि आवाजही जरा बरा लागला होता.

"हे बघ, बॉबिन," मी म्हणालो, "आयुष्यात एक वेळ अशी येते..."

"आजोबा, उठा ना जरा," ती म्हणाली. "भूगोलाच्या वहीवर बसलायत तुम्ही."