मास्तरच्या मापावर टेप

आमच्या कारखान्यात मास्तरनं कापलेल्या कापडावर कोणी टेप लावत नसे. नव्या कारागिराने शिवायच्या आधी बाही मोजायला घेतली की सगळे हसायचे आणि त्याच्या हातातला टेप काढून खिळ्याला अडकवून टाकायचे. मास्तर म्हणजे आमचा कटिंग मास्तर, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. घरी मी त्यांना भावजी म्हणते, कारखान्यात मास्तर. मी काज-बटणाच्या मशीनवर बसते. माझी जीभ मशीनपेक्षा जोरात चालते असं सगळे म्हणतात, आणि मला त्याची घमेंड होती.

खेळाचं खूळ आणलं ते पॅकिंगवाल्या वकिलाने. तो काही खरा वकील नाही. खोक्याला चिकटपट्टी आडवी लावावी की उभी, यावरही तो तासभर वाद घालतो, म्हणून वकील. क्रिकेटच्या मॅचच्या आधी फोनवर दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू निवडायचे. मैदानावर ते जे करतील त्याचे गुण आपल्याला, आपण नेमलेल्या कप्तानाचे दुप्पट. थोडी फी भरायची आणि लाखो लोकांत पहिला येईल त्याला मोठं बक्षीस. आम्ही सात जण वर्गणी काढायचो आणि जेवणाच्या सुट्टीत कटिंगच्या टेबलाभोवती भांडत संघ ठरवायचो. मास्तर एका चिंधीवर खडूने अकरा नावं लिहून घ्यायचे. खातं मास्तरांच्याच फोनवर काढायचं, यावर मात्र वकिलानेही वाद घातला नाही.

भावजींना स्वतःला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. "तुम्ही एकमेकांची डोकी फोडाल, म्हणून मी सांभाळतो," म्हणायचे.

आणि एका सोमवारी सकाळी आम्ही पहिले आलो होतो. रक्कम फोनवर हिरव्या अक्षरांत दिसत होती. सात जणांत वाटली तरी प्रत्येकाला पाच-पाच महिन्यांचा पगार. इस्त्रीवाले काका मटकन खालीच बसले, कारण काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन दोन वर्षं रखडलं होतं. वकिलाने मोटरसायकलचा रंगसुद्धा ठरवला. मला माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी दिसत होती.

पैसे काढायचं बटण दाबलं तर उत्तर आलं, तपासणी सुरू आहे. आठवडा गेला तरी तेच. कंपनीचा फोन नंबर नव्हताच. तक्रार लिहायची, मग उत्तर यायचं की तुमचा संयम आमच्यासाठी मोलाचा आहे. "मग त्याचंच मोल द्या म्हणावं," मी म्हणाले आणि सगळे हसले. तेव्हा अजून हसत होतो आम्ही.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी काकांच्या हातात पाकीट ठेवलं. "हप्त्याहप्त्याने सोडतायत. तुमची निकड मोठी, म्हणून आधी तुम्ही." पाच दिवसांनी मला घरी बोलावून फीपुरते दिले. मी मोजले, पिशवीत टाकले आणि चहा पिऊन निघाले. एका शब्दाने काही विचारलं नाही.

त्यानंतर कोणालाच काही मिळालं नाही.

मास्तर फोन दाखवेनासे झाले. कधी चार्जिंग नाही, कधी घरी राहिला. वकील एकेकाला कोपऱ्यात घेऊ लागला. "बक्षीस कधी हप्त्याने मिळतं का? आलं तर सगळं एकदम येतं. दोघांची तोंडं बंद केली, बाकीचं गडप." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचे भावजी आहेत, तुम्हीच विचारा. का तुमच्यापुरतं भागलं?"

हे मला झोंबलं. मी सरळ टेबलाशी जाऊन उभी राहिले. सगळ्यांची मशीनं थांबली होती.

"मास्तर, पैसे आले की नाही?"

"येतील," ते खाली बघूनच म्हणाले.

"आले का, ते विचारतेय मी."

"तुला मिळाले ना?"

"मला मिळाले म्हणूनच विचारते. मेहुणी म्हणून मला दिलेत. या बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? इतक्या माणसांनी तुमच्यावर विश्वास टाकला, आणि तुम्ही खुशाल मान खाली घालून रेघा ओढताय."

त्यांच्या हातातला खडू मोडला. त्यांनी दुसरा घेतला आणि उरलेली रेघ पुरी केली. मला वाटलं, खरं असतं तर माणूस बोलला असता.

त्याच आठवड्यात कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकवालीने एक बाही टेपने मोजली. कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघांच्या गळ्यात टेप आले. बाह्या, कफ, पाठी, सगळं मोजलं जाऊ लागलं, आणि प्रत्येक तुकडा सूतभरही चुकलेला नसायचा. मोजून झालं की पुन्हा पुढचा मोजायचे. मास्तर कापत राहिले. त्यांच्या हातात स्वतःची वीस वर्षांची जड कात्री नव्हती, कारखान्याची होती, तेही माझ्या लक्षात आलं. नवी घेणार असतील, आता काय, पैसेवाले झाले, असं मी मनात म्हटलं.

एकदा मीही एक कॉलर मोजली. मला शंका होती असंही नाही. सगळे मोजत होते म्हणून मोजली. मान वर केली तर मास्तर कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा घेऊन समोर उभे. त्यांनी गठ्ठा माझ्या मशीनवर ठेवला, त्याच्या कडा जुळवल्या आणि गेले. महिनाअखेरीला डोळे दुखतात असं मालकांना सांगून त्यांनी काम सोडलं. मी बहिणीकडे जाणंही सोडलं.

तीन महिन्यांनी ताईच माझ्या दारात आली. हातात भावजींचा फोन होता. "हे आंघोळीला गेलेत म्हणून घेऊन आले. रोज दुपारी यात काहीतरी लिहितात आणि मग जेवत नाहीत. मला वाचता येत नाही यातलं. काय आहे बघ."

मी उघडलं. आम्ही जिंकल्यानंतर नवव्या दिवशी भावजींनी कंपनीला पत्र लिहिलं होतं. 'बक्षीस माझ्या खात्यावर लागले असले तरी ते माझ्या एकट्याचे नाही. आम्ही सात जण मिळून खेळतो. खाली सातही जणांची नावे व वाटे लिहिले आहेत. उद्या माझे काही बरेवाईट झाले, तर कोणाचा वाटा बुडू नये.' खाली आमची नावं होती. काकांचं पहिलं, त्यांचं स्वतःचं शेवटी.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं होतं. एक खातं एकाच व्यक्तीने वापरावं असा नियम आहे. आपण स्वतः कबूल केल्याप्रमाणे नियमभंग झाला असल्याने बक्षीस रद्द करण्यात येत आहे. पुढे भावजींची अकरा पत्रं होती. प्रत्येकात, चूक माझी आहे, माझा वाटा देऊ नका, बाकीच्यांचा द्या. शेवटचं पत्र कालचं होतं.

"ताई, मग काकांचे पैसे? माझे?"

"घरचं शिलाई मशीन विकलं, कात्री विकली, माझ्या दोन बांगड्या. म्हणाले, मी लिहिलं म्हणून त्यांचं गेलं, मीच भरणार. सगळ्यांचं पुरं करणार होते, पण विकायला काही उरलं नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला सांगितलं असेल असं वाटलं मला."

मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळं सांगितलं. इस्त्रीवाले काका इस्त्री बंद करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वकील खोक्यांना चिकटपट्टी लावायला निघून गेला. मालकांनी निरोप धाडला, मास्तरांना परत बोलवा. भावजी नको म्हणाले.

रविवारी मी मुलीच्या नर्सिंगच्या गणवेशाचं पांढरं कापड घेऊन गेले. खरं तर माफी मागायला गेले होते, पण आयुष्यभर चाललेली जीभ टाळूला चिकटली. "भावजी, एवढं कापून द्याल?" एवढंच निघालं तोंडातून.

त्यांनी जमिनीवर चादर अंथरली, कापड पसरलं. घरातल्या साध्या कात्रीने, गुडघ्यांवर वाकून, नेहमीसारखं सरळ कापलं. पहिली बाही उचलून माझ्याकडे दिली आणि उशाशी ठेवलेला टेप पुढे केला.

"मोजून घे."

"भावजी, नको. माझं चुकलं. मी नाही मोजणार."

"घे गं." आवाजात राग नव्हता. "टोमणा नाही मारत तुला. कोणी मोजलं नाही, तर आता माझी मलाच खात्री वाटत नाही."

मी टेप लावला. डोळ्यांत पाणी होतं, आकडे दिसेपर्यंत वेळ गेला. तेवढा वेळ ते समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि दुसरी बाही माझ्याकडे सरकवली.