कमीत कमी दोन

आमच्या ऑफिसात आजारी माणसांच्या उशाशी ठेवायची बटणं तयार होतात. बटण दाबलं की भिंतीवरची पेटी वाजते आणि ठरवलेल्या फोनांवर निरोप जातो. पेटीचा प्रोग्राम बनवतानाच सांगून ठेवावं लागतं, की जास्तीत जास्त किती बटणं आणि कमीत कमी किती. जास्तीत जास्त जितकी, तेवढ्यांची जागा पेटी आपल्या मेमरीत आधीच अडवते. नंतर गयावया करून उपयोग नसतो.

हे आकडे ठरवायला बैठक झाली. विक्रीवाल्याला पाच हजार हवे होते. एवढ्या खाटांचं हॉस्पिटल कुठे पाहिलंत, असं मी विचारलं, तर म्हणाला, असू दे की, कधी लागलेच तर. या माणसाला आम्ही 'असूदे'च म्हणतो. पाच हजारांची जागा अडवली तर पेटीला सुरू व्हायलाही जागा उरणार नाही, हे त्याला सांगून माझा घसा बसला. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. याला फक्त पाय दिसतात. शेवटी दोनशेवर तडजोड झाली. हत्ती गेला, शेपूट राहिलं. कमीत कमीचा आकडा साहेबांनी कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकला, दोन. एका बटणासाठी आपल्याकडे कोण येणार? सगळे हसले. मीही हसले.

त्याच महिन्यात बाबा बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण माझा हात धरल्याशिवाय त्यांना उठता येईना. दादाने फर्मावलं, की तू कामावर असताना त्यांच्याकडे कोण बघणार याची सोय रविवारपर्यंत कर, नाहीतर मी त्यांना माझ्याकडे नेतो. दादाचं घर चांगलं आहे. तिथे खुर्ची खिडकीपाशी ओढायची तरी वहिनीला विचारावं लागतं. बाबांना जायचं नव्हतं, आणि मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. शेजारच्या काकू दिवसभर घरी असतात. फोन वाजला की मी येईन, असं त्यांनी कबूल केलं.

शनिवारी मी ऑफिसातून पेटी आणि एक बटण आणलं. प्रोग्रामने एक हा आकडा घेतलाच नाही. मर्यादाच बदलून एक केली, तर पेटी सुरू होऊन गपगार पडली. बटणं तपासायच्या पाळ्या लावताना कुणीतरी एकूण बटणांतून एक वजा करून उरलेल्या आकड्याने भागलं होतं. शून्याने भागायला लावल्यावर ती बिचारी काय करणार? ते दुरुस्त करून तपासायला आठवडा हवा होता, आणि दादा तर उद्याच टपकणार होता. मी निमूटपणे दोन लिहिलं.

पेटी चालली. फक्त थोड्या थोड्या वेळाने बारीक कुरकुरायला लागली.

"कुणाला शोधतेय ती?" बाबांनी विचारलं.

"दुसऱ्या बटणाला."

"मग आणून दे की. किती ओरडायला लावशील तिला?"

दुसरं आणलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. पेटी गप्प बसली, बाबा बसले नाहीत. ड्रॉवर काय घसरून पडणार आहे का, म्हणाले, तुझ्या उशाशी ठेव. मला काय धाड भरलीय, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. आमच्या घरात याचा अर्थ निकाल लागला असा होतो.

रविवारी दादा आला. त्याने बाबांचं बटण दाबून पाहिलं. पेटी वाजली, काकू दारात हजर झाल्या, खोट काढायला जागा उरली नाही. मग माझ्या खोलीत डोकावून त्याने विचारलं, हे दुसरं कशाला? प्रोग्रामला दोन लागतात, म्हणत मी ते दाबून दाखवलं.

पलीकडे काठी पडल्याचा आवाज झाला. आम्ही धावलो. बाबा खाटेच्या कडेला धरून उभे होते. पाय लटपटत होते, पण एक पाऊल दाराकडे पडलेलं होतं.

"काय झालं गं तुला?"

"काही नाही, बाबा. नुसतं तपासत होते."

"सांगून तपासावं," ते म्हणाले, आणि मगच खाली बसले.

दादाने काठी उचलून त्यांच्या हाताशी ठेवली. बाबांच्या कपड्यांसाठी आणलेली बॅग तो रिकामीच घेऊन गेला.

पुढे मी तो भागाकार सुधारला आणि मर्यादा एकवर आणली. साहेबांनी कारण विचारलं. काही माणसं एकटी असतात, म्हटलं. 'असूदे' म्हणाला, असू दे. घरची पेटी मात्र मी बदलली नाही. तिथे कमीत कमी दोनच.