तिसरी गोलकीपर

फोन वाजला तेव्हा ती शिकाऊ गाडीत डाव्या सीटवर बसली होती आणि गाडी चौकाच्या मधोमध बंद पडलेली होती. स्टिअरिंगवर एक निवृत्त दंतवैद्य होते. मागून चार-पाच हॉर्न एकदम बोंबलत होते आणि डॉक्टरांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"घाबरू नका. क्लच दाबा, किल्ली फिरवा. त्यांना ओरडू दे, त्यांचा रस्ता नाहीये," ती म्हणाली आणि फोन कानाला लावला.

फोन राष्ट्रीय संघाच्या कोचचा होता. कोच बाई मोजकं बोलायच्या. "तुला घेतलंय. तिसरी गोलकीपर. बॅग भर."

ती इतक्या जोरात किंचाळली की डॉक्टरांनी ब्रेकवर पाय मारला आणि नुकती सुरू झालेली गाडी पुन्हा बंद पडली.

"काय झालं? कोणाला लागलं का?" डॉक्टर पांढरेफटक पडले.

"कोणाला नाही लागलं हो! मी वर्ल्ड कपला चालले!"

डॉक्टरांनी चौकाच्या मधोमध, सगळ्या हॉर्नांच्या साक्षीने, तिचे दोन्ही हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

ती आठवड्यातले सहा दिवस गाडी शिकवायची आणि सातव्या दिवशी, शिवाय रोज पहाटे, गोलपोस्टसमोर उड्या मारायची. संघात सगळ्यात मोठी होती, म्हणून मुली तिला मावशी म्हणायच्या. तिच्या नवऱ्याला त्यांनी न विचारताच अख्ख्या संघाचा काका करून टाकलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. स्वभावाने गरीब. बायको चेंडूवर झेप घ्यायची तेव्हा हा प्रेक्षकांत बसून डोळे मिटून घ्यायचा.

संध्याकाळी घरी बातमी सांगितली. नवरा नुसता चष्मा काढून पुसत बसला. सासूबाईंना मात्र सगळं नीट समजून घ्यायचं होतं.

"संघात किती जणी?"

"तेवीस, आई."

"आणि खेळतात किती?"

"एका वेळी अकरा. त्यात गोलकीपर एकच."

"तू कितवी?"

"तिसरी."

सासूबाईंनी जरा विचार केला. "म्हणजे पहिलीला काही झालं तर दुसरी, आणि दुसरीला काही झालं तर तू."

"हो."

"त्या दोघी तब्येतीने कशा आहेत?"

"ठणठणीत आहेत, आई."

"मग तू एवढ्या लांब जाऊन करणार काय?"

"सराव करून घेणार. ओरडणार. पाण्याच्या बाटल्या देणार."

"ते तू घरीही करतेस," सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बाजारात गेल्या आणि सुनेसाठी लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड घेऊन आल्या. बसून राहायचं तर पाय गार पडतात, असं त्यांचं म्हणणं.

देशाचा महिला संघ अशा स्पर्धेला पहिल्यांदाच निघाला होता. हॉटेलात पोचल्यावर मुलींना आधी काय करावं हेच कळेना. लिफ्टमध्ये शेजारच्या गटातल्या खेळाडू भेटायच्या. एकेक अशी उंच, की आपल्या मुली नकळत टाचा उचलून उभ्या राहायच्या. आपली डावीकडून पळणारी चिमणी तर त्यातल्या एकीच्या कोपराशी येत होती. चिमणी हे तिचं टोपणनाव. पळायची मात्र अशी, की नजर ठरू नये.

तिसऱ्या गोलकीपरचं काम कागदावर लिहिलेलं नसतं. सराव संपला की ज्यांना आणखी शॉट मारायचे असतात त्यांच्यासाठी गोलात उभं राहायचं. पहिल्या गोलकीपरला सगळे शिडी म्हणायचे. तिला मॅचआधी मळमळायचं, तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोण आईच्या आठवणीने बाथरूममध्ये रडतंय, ते हेरायचं. मावशीला हे सगळं जमायचं. शिकाऊ ड्रायव्हरशेजारी बसून बसून दुसऱ्याची भीती तिला श्वासावरूनच कळायची.

एका दुपारी चार पोरींनी तिला धरलं. त्यांना गाडी शिकायची होती. मग हॉटेलच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या, हातात जेवणाची ताटली दिली स्टिअरिंग म्हणून, आणि मावशी शेजारी बसली. "आरसा बघ. बघितलास? काय दिसलं?"

"कपाट," चिमणी म्हणाली.

"कपाट ओव्हरटेक करतंय. जाऊ दे त्याला."

हसण्याचा आवाज इतका लांब गेला की कोच बाई दार उघडून आत आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला विमानतळावर सोडा."

मैदानावर मात्र हसण्यासारखं काही घडत नव्हतं. पहिल्या मॅचमध्ये चार गोल खाल्ले, दुसऱ्यात दोन. आपल्याकडून एकही नाही. पुढच्या फेरीचा प्रश्न मिटलाच होता. आता उरली होती शेवटची मॅच, तीही गटातल्या सगळ्यात तगड्या संघाशी. "निदान एक गोल तरी," शिडी जेवताना म्हणाली. "आपण इथे आलो होतो हे कुठेतरी दिसायला नको?" त्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं.

आणि नेमका तेव्हाच हॉटेलात ताप शिरला. आधी दोघी आजारी पडल्या, मग त्यांच्या खोलीतल्या, मग पलीकडच्या. मॅचच्या दिवशी कोच बाईंनी बाकावर नजर टाकली तर तिथे बसलेल्यांत दोन गोलकीपर, आणि तापातून नुकत्या उठलेल्या, कोमट पाणी पिणाऱ्या तीन मुली.

समोरचा संघ पुढच्या फेरीत आधीच पोचला होता, त्यामुळे त्यांनी नेहमीच्या खेळाडूंना विश्रांती दिली होती. पण त्यांच्या राखीव खेळाडूंनीही आपल्या नाकी नऊ आणले. मध्यंतराला दोन गोल, पुढे लवकरच तिसरा. तापातून उठलेल्या तिघीही एकेक करून मैदानात उतरल्या. त्यातल्या एकीला तर परत बाहेर घ्यावं लागलं आणि तिच्या जागी दुसरी गोलकीपर बचावात जाऊन उभी राहिली. तेवढ्यात आपल्या फॉरवर्डच्या पोटरीत असा गोळा आला की ती उठेचना.

कोच बाई वळल्या. बाकावर अजून न खेळलेली एकटी मावशी उरली होती, पायात लोकरीचे मोजे.

"मावशी, पळता येतं?"

"कोणाच्या मागे?"

"चेंडूच्या."

मावशीला आधी वाटलं, चेष्टा चाललीय. मग तिने कोच बाईंचा चेहरा बघितला. गोलकीपरचा शर्ट वेगळ्या रंगाचा; तो घालून पुढे कसं खेळणार? कपड्यांचं सामान बघणाऱ्या ताईंनी पेटीतून एक कोरा शर्ट काढला आणि त्याच्या पाठीवर चिकटपट्टीने तेवीस आकडा काढला. तीनचं पोट जरा वाकडं आलं.

"हलू नकोस गं, दोनासारखं दिसतंय," ताई म्हणाल्या.

"मी काय करायचं तिथे?" मावशीने विचारलं. "मला गोल मारता येत नाही. मी आयुष्यभर तो होऊ दिला नाही."

कोच बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "गोलात उभी असताना तुला सगळ्यात नकोशी फॉरवर्ड कोणती वाटते?"

"समोर येऊन उभी राहते आणि हलत नाही ती."

"तीच हो."

मावशी मैदानात शिरली तेव्हा प्रेक्षकांतल्या मूठभर देशवासीयांनी एकच कल्ला केला. त्यांच्यात बसलेल्या काकांनी चष्मा पुसला आणि या वेळी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं. घरी टीव्हीसमोर सासूबाईंनी शेजारणीला विचारलं, "ही पुढे कशाला चाललीय? गोल तर मागे आहे."

पहिली काही मिनिटं तिचे हाल हाल झाले. पळून पळून तिला धाप लागली. दोनदा तर तिला कोणी पासच दिला नाही, कारण ती उभी होती तिथे कोणी उभं असेल असं मुलींना वाटलंच नव्हतं. मग एकदा चेंडू आला, तिने तो अगदी झकास अडवला, आणि पंचांनी शिट्टी वाजवली. ऑफसाइड. जन्मभर दुसऱ्यांच्या ऑफसाइडसाठी हात वर करणारी बाई आज स्वतःच त्यात सापडली होती. तिला हसूच फुटलं.

मॅच संपत आली आणि आपल्याला कॉर्नर मिळाला. चिमणी चेंडू ठेवायला गेली. मावशी सरळ जाऊन समोरच्या गोलकीपरच्या पुढ्यात उभी राहिली, अगदी नाकासमोर. ती पोरगी फार तर विशीतली, लांब वेणी, हातमोजे नवेकोरे. ती डावीकडे सरकली की मावशी डावीकडे. उजवीकडे सरकली की उजवीकडे. ढकलायचं नाही, पाय तुडवायचा नाही, नुसतं आडवं यायचं. पोरगी वैतागून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. शब्द कळले नाहीत, पण अर्थ पक्का कळला. मावशीने ते सगळं स्वतः शंभर वेळा म्हटलं होतं.

चिमणीने चेंडू मारला. तो उंच गेला, वळला आणि थेट मावशीकडे यायला लागला. आणि मावशीचे हात वर निघाले.

इतक्या वर्षांची सवय ती. चेंडू दिसला की हात आपोआप उठायचे. छातीपर्यंत आले, आणि तिथे तिच्या लक्षात आलं की आज हे चालणार नाही. तिने दोन्ही हात खाली खेचले, पाठीमागे नेले, स्वतःचीच चड्डी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. चेंडू सणकन तिच्या नाकावर बसला.

तिने डोळे उघडले तेव्हा ती गवतावर बसलेली होती, चेंडू जाळीत होता आणि चिमणी तिच्या अंगावर उडी घेत होती.

पण पंचबाईंनी कानाला हात लावला होता. वरच्या खोलीत व्हिडिओ बघणारे पंच त्यांना काहीतरी सांगत होते. हाताला लागला का, ते तपासायचं होतं. मुली एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. शिडी पार पलीकडच्या गोलातून अर्ध्या मैदानापर्यंत आली होती. पंचबाई पडद्याकडे जाता जाता मावशीजवळ थांबल्या. मावशीच्या नाकातून रक्ताची धार लागली होती, कोऱ्या शर्टावर थेंब पडत होते. तिने नाकाकडे बोट केलं. पंचबाईंना हसू आवरेना. तरी त्या नियमाप्रमाणे पडद्याकडे गेल्या, दोनदा बघितलं आणि मैदानाच्या मध्याकडे हात केला.

गोल! देशाचा या स्पर्धेतला पहिला गोल!

मग जे झालं ते बघून समोरच्या संघाला वाटलं असेल की हे लोक कप जिंकले. तापाने फणफणलेल्या मुली हॉटेलात पलंगांवर उभ्या राहून नाचल्या. मॅच तीन-एक अशी हरलो, पण तो आकडा कोणाला आठवत होता? काका तर डोळे उघडे ठेवूनही काही बघू शकले नाहीत, कारण चष्मा ओला झाला होता.

शेवटची शिट्टी झाली. नाकात कापसाचे बोळे घालून मावशी मुलींच्या घोळक्यातून जरा बाहेर आली, आणि तिला ती वेणीवाली पोरगी दिसली. गोलच्या खांबाला टेकून एकटीच बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. तिच्या मैत्रिणी जिंकल्याच्या आनंदात लांब गेल्या होत्या. तिच्या पाठीवरचा आकडा मावशीने आता कुठे वाचला. तेवीस.

म्हणजे हीसुद्धा तिसरी. हिलाही कधी नव्हे ती ही एक मॅच मिळालेली. शेवटची काही मिनिटं सांभाळली असती तर एकही गोल न खाता मिरवली असती. आणि तो गोल झाला कशाने, तर एका वयस्कर बाईच्या नाकाने!

ती जाऊन शेजारी बसली. भाषेचा मेळ नव्हताच. पोरीने वर बघितलं, डोळे लाल. मावशीने आधी तिच्या पाठीवरून हात फिरवला, शिडीच्या पाठीवरून फिरवायची तसाच. मग उठली, तिलाही उठवलं, आणि तिच्यासमोर मघासारखी उभी राहिली. "अशी बाई आली ना समोर," ती सरळ मराठीतच म्हणाली, "तर मागे नाही राहायचं. आधीच पुढे यायचं, तिच्या शेजारी. हा हात असा मध्ये. आणि उडी मारायची ती तिच्या डोक्यावरून. ये, करून बघ."

पोरीला शब्द कळले नाहीत, पण हातवारे कळले. तिने करून बघितलं. दुसऱ्यांदा पाय नीट पडला. तिसऱ्यांदा तिने हवेतला न दिसणारा चेंडू असा पकडला की मावशीने टाळ्या वाजवल्या, आणि त्या धक्क्याने नाकातला एक बोळा उडून खाली पडला. दोघी हसायला लागल्या. पोरीला इतकं हसू आलं की ती पुन्हा खाली बसली. मग तिने आपले नवेकोरे हातमोजे काढून मावशीपुढे धरले. मावशी धावत बाकाकडे गेली आणि आपले घेऊन आली, अंगठ्याशी शिवलेले, घामट वासाचे. पोरीने ते तिथल्या तिथे हातात चढवले.

परतीचं विमान सकाळी उतरलं. स्वागताला तशी फार गर्दी नव्हती: खेळाडूंच्या घरची माणसं, दोन फोटोवाले आणि फुलांचे चार-पाच गुच्छ. एका पेपराने पहिल्या पानावर मावशीचा रक्ताळलेला फोटो छापला होता आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'देशाचं नाक राखलं!' चिमणी तो पेपर हातात फडकवत पुढे चालली होती.

सासूबाई सगळ्यांना कोपराने बाजूला सारत पार पुढे आल्या. त्यांनी सुनेची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि नाक दोन्ही बाजूंनी नीट तपासून बघितलं.

"सूज आहे अजून," त्या म्हणाल्या. "बोलू नकोस. घरी चल, शेकून देते."

तिची बॅग त्यांनी स्वतःच उचलली. काका ती घ्यायला गेले तर त्यांनी दिली नाही. फोटोवाल्यांनी एक फोटो म्हणून थांबवलं, तेव्हाही बॅग खाली न ठेवता त्या सुनेच्या शेजारी ताठ उभ्या राहिल्या.