बायोचे कान

मांजरांचं काम करणाऱ्या बाईकडे लोक दोनच कारणांनी येतात. एक तर मांजर टाकायला, नाहीतर मांजराची तक्रार करायला. घेऊन जायला कोणी येत नाही, त्यासाठी आम्हालाच लोकांच्या हातापाया पडावं लागतं. मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर माझं दोन खोल्यांचं घर आहे. निवृत्त झाल्यावर एक खोली मी मांजरांना दिली, दुसरी त्यांनी वर्षभरात आपणहून घेतली. पवईच्या ऑफिसात काम करणारी रुचिरा सुट्टीच्या दिवशी मदतीला येते. आम्ही मांजरं पकडतो, नसबंदीचं ऑपरेशन करून आणतो, जखम भरेपर्यंत ठेवतो आणि मग घर शोधतो. लोक याला शेल्टर म्हणतात. माझी बहीण याला वेड म्हणते.

ही मांजर घाटकोपरच्या एका सोसायटीतली. पहिल्या मजल्यावरच्या सुंदराबाई तिला सांभाळायच्या. त्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, मूलबाळ नाही. रोज संध्याकाळी सात वाजता जिन्यात उभ्या राहून त्या हाक मारायच्या, "बायो, ये गो." दिवाळीनंतर त्या गेल्या. पुतण्याने घराला कुलूप घातलं, चावी नालासोपाऱ्याला नेली, आणि थोड्याच दिवसांत सेक्रेटरी नंदकिशोर यांचा मला फोन आला, की मांजर उचला आणि पुन्हा इथे आणू नका.

बायो सहजासहजी हाती लागणारी नव्हती. तीन आठवड्यांत मी सात फेऱ्या मारल्या. सुकट खाऊन ती पिंजऱ्याबाहेर बसायची आणि माझी मजा बघायची. आठव्या खेपेला, एका सोमवारी सकाळी, ती एकदाची अडकली. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की मादी पकडली की आधी तिचं पोट बघायचं. दूध असेल तर तिथल्या तिथे सोडायची, कारण जवळपास कुठेतरी पिल्लं असतात. दहा वर्षं मी हे नवीन मुलींना शिकवत आले. त्या दिवशी मी पोट बघितलं नाही. ती फिस्कारत होती, मला डॉक्टरांची वेळ गाठायची होती, आणि खरं सांगायचं तर जिंकल्याचा आनंद झाला होता. पिंजऱ्यावर चादर टाकून मी जिना उतरायला लागले, तेवढ्यात सुंदराबाईंच्या बंद दाराआडून बारीक आवाज आला. चादरीखाली बायो एकदम गप्प झाली. मी स्वतःला सांगितलं, पिंजऱ्याचं दार करकरतंय.

तासाभराने डॉक्टरांचा फोन आला. "पोटावरचे केस काढले, तर दूध आहे हिला. पिल्लं कुठे आहेत?"

मला तो आवाज आठवला. खोटं कशाला बोलू, अगदी लख्ख आठवला. पण त्याबरोबर सात फेऱ्याही आठवल्या. आता सोडली तर ही पुन्हा माझ्या पिंजऱ्यात पाय ठेवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मोठी झाली असतील," मी म्हटलं. "करून टाका."

बायो घरी आली तेव्हा तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. ऑपरेशन झालेल्या मांजरीची ती खूण. भूल उतरल्यावर ती ओरडायला लागली. जखमेने ओरडणारं मांजर मी शंभरदा ऐकलंय, हे तसं नव्हतं. ती हाक मारायची, थांबायची, कान पुढे करून ऐकायची आणि पुन्हा हाक मारायची. अन्नाला तोंड लावलं नाही. रुचिराने फोनवर विचारलं, तर मी औषधाचा परिणाम आहे म्हणून वेळ मारून नेली. मंगळवारी मी घाटकोपरला जायला हवं होतं. बुधवारीही उशीर झाला नसता. मी गेले नाही, कारण गेले असते तर मी काय केलंय हे मला कबूल करावं लागलं असतं. कपडे घालून, चपला चढवून मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

शनिवारी सकाळी नंदकिशोर यांचा फोन आला. आवाज इतका खाली, की मला टीव्ही बंद करावा लागला. मंगळवारपासून रोज संध्याकाळी सातला सुंदराबाईंच्या घरातून रडण्याचा आवाज येतोय, असं ते म्हणाले. कोणीतरी दाराशी नारळ ठेवला होता, शेजारचे गावी निघून गेले होते. "वनमालाताई, बायका म्हणतात, म्हातारी आपली मांजर मागतेय. तुम्ही ती आणून सोडा ना."

चार दिवस अख्खी बिल्डिंग तो आवाज ऐकत होती आणि एकालाही वाटलं नाही, की आत जीव असेल. मला भयंकर राग आला. मग लक्षात आलं, की त्यांना निदान माहीत नव्हतं. मी पुतण्याला फोन करून नको नको ते बोलले. तो चावी घेऊन आला तेव्हा सात वाजायला आले होते. दाराबाहेर आम्ही चौघं उभे राहिलो, तो, नंदकिशोर, रुचिरा आणि मी. आणि सातला आतून आवाज आला. बारीक, चिरका, भुकेल्या पिल्लाचा. चौघांनीही ऐकला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जिवंत आहेत, एवढंच मनात आलं. देवा, एवढ्यावर सोडलंस.

पुतण्याने कुलूप काढलं. स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच निखळलेली होती, बायो तिथूनच येत-जात असणार. ओट्याखाली सुंदराबाईंच्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं होतं आणि त्यात चार पिल्लं होती. डोळेही उघडले नव्हते. रुचिराने एक उचललं, तळहातावर फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं. ते वाळून गेलं होतं.

"काकू," ती म्हणाली, "ह्यांना जाऊन तीन दिवस तरी झालेत."

नंदकिशोर उंबऱ्याबाहेरच उभे होते. "मग आत्ता कोण," एवढं बोलून ते थांबले. मी म्हटलं, कबुतर असेल. पाचवं पिल्लू असेल म्हणून मी कपाटं उघडली, ट्रंक उपसली, पलंगाखाली आडवी झाले. घरात कबुतर नव्हतं आणि पाचवं पिल्लूही नव्हतं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. पिल्लू मेलं तर ते लपवायचं नाही, आईला दाखवायचं. तिने हुंगलं की तिला कळतं आणि ती शोधायचं थांबते. मी ते गाठोडं तसंच मुलुंडला आणलं आणि बायोच्या पिंजऱ्यात ठेवलं. तिने चारही पिल्लं एकेक करून हुंगली. एकाला थोडा वेळ चाटलं. मग ती मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि तासाभराने तिने भात-मासळी खाल्ली. त्यानंतर ती एकदाही ओरडली नाही. रुचिरा डॉक्टरांना शिव्या देत होती, त्यांना दूध कसं दिसलं नाही म्हणून. मी मान डोलावली. अजून तिला सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात नंदकिशोर यांचा फोन आला. आवाज बंद झाला होता, सोसायटी माझी आभारी होती. ते बोलत होते तेव्हा सात वाजले आणि माझ्या ओट्याखालून तोच आवाज आला. मी फोन ठेवला. ओट्याखाली वाकून पाहिलं, तिथे तेलाचा डबा आणि परात होती. तेव्हापासून रोज येतो. खोलीतली बारा मांजरं त्या वेळी लोळत असतात.

रुचिराने बायोसाठी फार चांगलं घर शोधलंय. पवईची इरावती, तलावासमोरचा फ्लॅट, खिडक्यांना जाळ्या. मी दोनदा तारीख पुढे ढकलली. रुचिरा वैतागलीय, तुमचा जीव जडलाय म्हणते. जडला नाहीये. मांजराच्या कानावर कसलाही आवाज पडला, तर झोपेतही कान त्या दिशेला वळतो, आणि पिल्लाचा असला तर आई उठून बसते. म्हणून सात वाजले की मी बायोसमोर जाऊन बसते. आवाज सुरू होतो. मी तिच्या कानांकडे बघत राहते, एक पूर्ण, एक टोक कापलेला. ते हलत नाहीत.