जा, पण सोय लावून जा

नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. पण घरातले सगळेच 'जा' म्हणतात आणि तरी पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, तेव्हा बाईनं भांडावं कोणाशी? नागझिऱ्याच्या जंगलालगत, चोरखमाऱ्याजवळच्या एका गावातल्या चंचलचं अगदी असंच झालं होतं.

गोष्ट तशी आनंदाची होती. जंगल पाहायला येणाऱ्या लोकांना फिरवण्यासाठी गावातल्या आणखी काही बायकांना गाईड म्हणून तयार करायचं ठरलं. चार जणी निवडल्या, त्यांत चंचल. बारावी शिकलेली, बोलायला चुरचुरीत, आवाजावरून पाखरू ओळखणारी. आता शेवटची परीक्षा उरली होती: दोन दिवस जंगलाच्या कडेकडेनं पायी चालायचं, एक मुक्काम करायचा आणि आपलं सामान आपल्याच पाठीवर वाहायचं. शनिवारी पहाटे निघायचं. जी येणार नाही तिचं नाव कटणार आणि यादीतल्या पाचवीला जागा मिळणार. याआधी दोनदा चंचलचं नाव असंच आलं आणि गेलं. एकदा भाताची रोवणी आडवी आली, एकदा सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. आता हीही संधी गेली असती, तर पुन्हा तिला विचारणार कोण होतं?

तिनं घरी सांगितलं तेव्हा तिचा नवरा दुर्गेश राईस मिलमधून नुकताच आला होता. अंगावरचा कोंडा झटकत तो म्हणाला, "जा न! मी कधी नाही म्हटलं काय? फक्त घराची सोय लावून जा."

सासरे यादोराव खाटेवर बसले होते. नागझिऱ्यात बत्तीस वर्षं वनमजुरी केलेला माणूस. ते म्हणाले, "जाऊ दे तिले. आमी खांद्यावरच्या एका झोऱ्यावर आठ-आठ दिवस जंगल हिंडलो. जा सूनबाई. पन माह्या गोळ्यांचं तेवढं पाहून जा."

दहा वर्षांच्या रिंकूनं विचारलं, "आई, माही वेणी कोन घालन?"

सासू सुशिलाबाई मात्र काहीच बोलल्या नाहीत. तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

झालं! सगळ्यांची परवानगी मिळाली आणि चंचल अडकली ती तिथेच.

या बायकांची म्होरकी होती फुलवंताबाई. लहानपणापासून तेंदूपत्त्यासाठी रान तुडवलेली आणि आता पाच-सहा वर्षांपासून गाईड असलेली. तिनं सामानाची यादी दिली होती: दोन जोड कपडे, चादर, टॉर्च, पाण्याच्या दोन बाटल्या, मीठ-साखरेच्या पुड्या. वर बजावलं होतं, "बूट आठ दिवस आधीपासून घालून चाला वो बायांनो, नाही तं पायाले फोड येतील." चंचलनं बूट घातले खरे, पण त्या बुटांनी ती चालली कुठे? चुलीपासून गाईच्या कोठ्यापर्यंत आणि कोठ्यापासून चुलीपर्यंत!

सोमवारी तिनं दोन दिवसांच्या भाज्यांचा विचार केला. मंगळवारी जवसाची चटणी कुटली. बुधवारी लक्षात आलं की बोअरची मोटार कधी आणि कशी लावायची, हे घरात तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. गाईला कुटार किती टाकायचं, गॅसचा नंबर कुठे लावायचा, रिंकूचा शाळेचा सदरा कुठे असतो, सगळं तिच्याच डोक्यात. जंगलातली शंभर झाडं सालीवरून ओळखणाऱ्या यादोरावांना सकाळची गोळी पांढरी की गुलाबी, हे सांगता येत नव्हतं. मग तिनं रिंकूच्या वहीचे कागद फाडले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली. 'मीठ खालच्या फळीवर, निळ्या झाकणाचा डबा.' 'हळद मोठ्या डब्यात. लहान डब्यात बेसन आहे, चुकू नये.' 'मोटार लावल्यावर बंद करणे.' गुरुवारपर्यंत भिंतीवर सव्वीस चिठ्ठ्या झाल्या आणि सत्ताविसावी आठवत होती.

सोय! मंडळी, या सोयीला कधी अंत असतो काय? एक डबा भरावा तर दुसरा रिकामा दिसतो. चंचलला रात्री झोप लागेना, दिवसा जेवण जाईना. भरल्या घरात तिचा जीव घुसमटत होता आणि हे सांगावं तरी कोणाला? सांगितलं तर उत्तर तयार होतं: "आमी कुठं अडवलं तुले?"

शुक्रवारी दुपारी दुर्गेश जेवायला आला. ताटावर बसून म्हणाला, "दोन दिवसांच्या पोळ्या करून ठेवशील न? शिळ्या चालतील मले." म्हणजे केवढे उपकार! चंचलनं मान हलवली, परातीत पीठ घेतलं आणि एकाएकी तिचे हातच थांबले. नकोच ते जाणं, तिला वाटलं. तिनं हात पुसून मोबाईल घेतला आणि फुलवंताबाईसाठी लिहिलं, 'ताई, मला जमणार नाही. पाचव्या नंबरच्या बाईला सांगा.' आता फक्त बोट ठेवायचं बाकी होतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "चंचल! बॅग दाखव वो. सगळ्यायच्या बॅगा तपासून राहिली मी. आठ किलोच्या वर वजन नको."

फुलवंताबाईच होती. ती सरळ स्वयंपाकघरात आली. कोपऱ्यात दुर्गेशची कॉलेजातली जुनी बॅग पडली होती. तिनं ती उचलली, उघडली आणि उलटी केली. एक रिकामी बाटली तेवढी घरंगळत बाहेर आली.

"हे काय वो? आठ दिवस काय करून राहिली होतीस?"

चंचलनं भिंतीकडे बोट दाखवलं. फुलवंताबाईनं एकेक चिठ्ठी वाचली. आधी हसली, मग तिचं हसू मावळलं.

"जंगलात कोन जाऊन राहिलं, तू का घर? अवो, बॅगेले आठ किलोची हद्द आहे. तुह्या डोक्यावरचं हे वजन मी कोन्त्या काट्यावर करू?" मग ती दुर्गेशकडे वळली. "अन् तुमी भाऊ, हिले जा म्हनता. पाय बांधून जा म्हनलं तं ते जानं होते काय?"

दुर्गेशचा घास हातातच राहिला. "मी तं फक्त सोय लावून जा म्हटलं..."

"बत्तीस वर्षं!"

सगळे दचकले. बोलल्या होत्या सुशिलाबाई! तांदळाचं सूप बाजूला सारून त्या उभ्या राहिल्या होत्या.

"बत्तीस वर्षं सकारी उठून मी यांचा डबा बांधला. हे आठ-आठ दिवस जंगलात राहत. यांले कधी कोनी म्हटलं काय, सोय लावून जा? यांनी कधी विचारलं काय, का घरी मीठ कोठी आहे? नाही विचारलं. काऊन का मी होती! आन् घरी येऊन मले सांगत, तलाव असा आहे, पान्यावर गवे असे येतात. मी हुं हुं करत ऐकत होती. मोहफुलं वेचाले जंगलाच्या काठापर्यंत गेली, पन तो तलाव मी आजवर पाहिला नाही!"

आवाज ऐकून दारापाशी आलेले यादोराव खाली पाहू लागले.

सुशिलाबाईंचा आवाज फुटला. "अन् मी बी काही कमी नाही, पोरी. आठ दिवस चूप बसली. मनात म्हटलं, मी नाही गेली, तं हे कायले जाते? चुकलं माहं!" असं म्हणून त्यांनी हात वर केला आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या टराटरा ओढून काढल्या.

"आई, राहू द्या न! त्यांना काहीच सापडणार नाही..."

"ढुंढतील! डोरे नाहीत काय, हात नाहीत काय? अळनी खातील, खारट खातील, मरत नाहीत. मी बी सांगनार नाही मीठ कोठी आहे ते. तू उठ, आपली बॅग भर!"

चंचलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं मोबाईलमधला मजकूर पुसून टाकला आणि अर्ध्या तासात बॅग भरली. एवढंच तर काम होतं! त्यासाठी तिला आठ दिवस पुरले नव्हते.

शनिवारी पहाटे ती उठली, तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. दुर्गेश चुलीपुढे कांद्यानं डोळे लाल करून बसला होता. यादोराव आपल्या जुन्या दुपट्ट्यात डबा बांधत होते. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. डबा तिच्या हातात देत ते हळूच म्हणाले, "बांधाले इतका वेळ लागते, मले माहीतच नव्हतं वो."

सुशिलाबाई अंगणापर्यंत आल्या. "जा. नीट पाहून ये. पन आल्यावर मले सांगू नको. सांगनं लय ऐकलं. मले दाखव."

दहा वाजता पहिल्या थांब्यावर चंचलनं डबा उघडला. जाड पोळ्या आणि पिठलं, अगदी अळणी. मीठ काही सापडलं नव्हतं! ती खो-खो हसली, बॅगेतल्या पुडीतलं मीठ वर भुरभुरवलं आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि दुसऱ्यानं तिच्यासाठी रांधलेला हा पहिला डबा होता.

वाचकहो, आपल्याही घरात कोणी बाहेर निघालं असेल. तिला 'जा' म्हणून आपण मोठं मन दाखवतो, पण घराचं सगळं ओझं तिच्याच डोक्यावर ठेवतो. अशी परवानगी म्हणजे दाराला कुलूप लावून चावी दाखवण्यासारखं आहे. घर सगळ्यांचं असेल, तर त्याची सोयही सगळ्यांची असली पाहिजे. निदान आपल्या घरात मीठ कुठे असतं, एवढं तरी आजच पाहून ठेवा!

चंचल परीक्षा पास झाली. गाईड म्हणून गाडीत बसली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं सासू-सासऱ्यांना तिकीट काढून आत नेलं. वळण संपलं आणि नागझिऱ्याचा तलाव समोर आला. सुशिलाबाई किती तरी वेळ पाहत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळून रागानं म्हणाल्या, "यवढा मोठा आहे? तुमी तं लहान सांगतला होता!"