पाण्याच्या टाकीच्या पुढे

"आज तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही, काकू," चित्रवाल्या बाई म्हणाल्या.

"मी कुठे बोलते?"

बाकावर शेजारी बसलेल्या मास्तरीणबाई खुदकन हसल्या. त्यांच्या मास्तरांना कंपवात होता. दर मंगळवारी दोघी याच बाकावर भेटत, एकमेकींच्या नवऱ्याची चौकशी करत आणि आपापल्या नवऱ्याची तक्रार सांगत. "तुम्ही नाही हो बोलत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमचं तोंड बोलतं, आपलं आपण."

दारावर 'वाचाउपचारतज्ज्ञ' अशी पाटी होती. ज्यांची वाचा गेली त्यांना उच्चारता येईल असा तो शब्द नव्हता. त्यामुळे इथे येणारे सगळे त्या तरुण मुलीला चित्रवाल्या बाई म्हणत. तिच्या टेबलावर पेला, किल्ली, छत्री अशा चित्रांचा गठ्ठा असे.

काकूंनी नवऱ्याच्या उजव्या काखेत हात घालून त्याला उठवलं. तो उजवा पाय ओढत आत आला आणि खुर्चीत बसला. ती शेजारी बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

आजची ही बारावी खेप. बारा खेपांत काही फरक दिसला तर आणखी बारा मिळत, नाहीतर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला जाई. सकाळीच लेकीचा फोन आला होता. "आई, बाबांना काही कळत नाहीये गं आता. तू किती झिजणार? ते शुश्रूषा केंद्र मी बघून आलेय. माणसं चांगली आहेत तिथली. ठेवू या त्यांना."

"आजची खेप होऊ दे," ती म्हणाली होती. "नाही फरक दिसला, तर तू म्हणशील तसं." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण शब्द देऊन बसलो.

चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि त्याचा उजवा हात, उजवा पाय आणि शब्द गेले. पस्तीस वर्षं बसमध्ये ओरडून कमावलेला कंडक्टरचा आवाज जागेवर होता, पण त्यात भरायला काही उरलं नव्हतं. एकच शब्द यायचा. डेपो. सकाळी उठल्यावर डेपो, जेवताना डेपो, दुपारी पडल्यापडल्या डेपो.

"डेपो... शा..." तो सुरू करायचा.

"अहो, ड्यूटी संपली. रिटायर होऊन आठ वर्षं झाली," ती म्हणायची आणि त्याच्यापुढे चहा ठेवायची, कारण चहा घेतल्याशिवाय तो कधी डेपोत गेला नव्हता. तो डाव्या हाताने कप ढकलून द्यायचा. दोन कप फुटले, तेव्हापासून ती स्टीलच्या भांड्यात चहा देऊ लागली. इथेही पहिल्या अकरा खेपांत तेच झालं होतं. त्याने डेपो म्हणायचं, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवून ड्यूटी संपल्याचं सांगायचं आणि बाईंनी फायलीत लिहायचं, 'एकच शब्द पुन्हा पुन्हा.'

बाईंनी चार चित्रं ओळीने मांडली. पेला, किल्ली, छत्री, औषधाची बाटली.

"काका, तहान लागलीय. काय मागाल?"

त्याने पेल्याकडे पाहिलं. ओठ हलले. "डेपो."

तिचं तोंड उघडलं. बाईंनी तिच्याकडे न बघताच एक बोट वर केलं. तिने तोंड मिटलं आणि पिशवीचा बंद घट्ट धरला.

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. पंखा फिरत होता.

"शा...ळा," तो म्हणाला. कपाळावरची शीर फुगली होती. मग बराच वेळ काही नाही. मग, "दवा... खाना."

आणि तिच्या हातातला पिशवीचा बंद सुटला, कारण पुढचं तिला पाठ होतं.

डेपो, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, जुना पूल, बाजार, छापखाना, स्टेशन. सात नंबर. लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून अकरा वर्षं ती सकाळी सात चाळीसच्या त्या बसने छापखान्यात कामाला जायची. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या आणि पुस्तकं शिवायची, असं तिचं काम. बोटांच्या टोकांना कायम खळ लागलेली असायची. कंडक्टर तेव्हा काडीसारखा होता, कानावर पेन्सिल. प्रत्येक थांब्याचं नाव तो असं ओरडायचा, की झोपलेली माणसं आपला थांबा नसतानाही उठून उभी राहायची. फक्त छापखाना आला, की ओरडायचा नाही. तिच्या बाकापाशी येऊन साध्या आवाजात म्हणायचा, "छापखाना." जणू गाडीत दुसरं कुणी उतरणारच नाही. ती पिशवी खांद्याला लावून उठायची. तो दारातून वाकून खाली बघायचा, तिचे दोन्ही पाय रस्त्यावर टेकले की मगच घंटेची दोरी दोनदा ओढायचा. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पहिली दोन वर्षं त्यांच्यात एवढंच बोलणं झालं.

लग्न झाल्यावर चारचौघांत तो तिला 'अगं' म्हणे. स्वारी खुशीत असली की मात्र, "काय छापखाना, आज मीठ रजेवर आहे का?"

पुढे छापखाना बंद पडला. तिथे आता गाड्या लावतात. मग सात नंबरही बंद झाली. थांब्यांची नावं बदलली. चित्रवाल्या बाई तेव्हा शाळेतही जात नसतील.

"पाण्याची," तो म्हणाला. डावा हात उचलून त्याने पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि त्याच बोटाने टेबलावर एकदा वाजवलं. टक.

बाईंचं पेन थांबलं. "हे काय होतं?"

तिने बाईंच्या बोटाकडे बघितलं.

"काकू, आता बोला."

"एक टोला म्हणजे थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. "तिथे पाण्याची टाकी होती. चौथा थांबा. हे डेपोत जायचं म्हणत नव्हते हो. पाणी मागत होते. चार महिने पाणी मागताहेत, आणि मी रोज ह्यांना शाळेपाशीच उतरवत होते."

बाईंनी उठून कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून आणला. त्याने तो डाव्या हातात धरला, एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. दुसराही संपवला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिने पदराने टिपलं.

"सात आठे किती ते काही जणांना एकदम सांगता येत नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "सातचा पाढा पहिल्यापासून म्हणत गेलं, की येतं. तसं आहे हे. एकेक शब्द शोधायची वाट बंद झालीय. पण ओळीने पाठ झालेलं दुसऱ्या वाटेने येतं. मी काकांकडून वार म्हणवून बघितले, महिने म्हणवून बघितले, ते नाही आले. रस्ता विचारायचं नाही सुचलं मला."

मग त्यांनी औषधाची बाटली पुढे केली. डेपो, शाळा, दवाखाना, टक. किल्लीकडे त्याने बघितलं, विचार केला आणि मान हलवली.

"सात नंबर कुलूपवाल्याकडे जात नाही," ती म्हणाली.

त्याच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

बाईंनी फायलीत बरंच लिहिलं. रेघ मारली, तारीख घातली. "आणखी बारा खेपा. पुढच्या मंगळवारी याच वेळी. आणि घरी त्यांना शेवटपर्यंत जाऊ द्या, कितीही वेळ लागला तरी." मग सवयीने, प्रत्येक खेपेच्या शेवटी विचारायच्या तो प्रश्न त्यांनी विचारला. त्याला आजवर उत्तर मिळालं नव्हतं. "आणि काका, ह्या कोण?"

"राहू द्या आता," ती म्हणाली. "दमलेत ते. माझं नाव कुठलं त्या रस्त्यावर?"

पण तो निघाला होता.

"डेपो."

तिने पिशवीचा बंद पुन्हा घट्ट धरला.

"शाळा. दवाखाना." या वेळी शब्द थोडे जवळजवळ आले. "पाण्याची टाकी." तिथे तो थांबला नाही. बोट टेबलावर आलं नाही. "जुना... पूल." डोळे समोरच्या भिंतीवर, पण बघणं भिंतीच्या पलीकडचं. "बा... बाजार."

तिथे तो अडकला. बाजारात गाडी नेहमीच अडकायची, माणसं दारात लोंबकळत. ओठ जुळत होते, उघडत होते, काही येत नव्हतं. त्याने डावा हात डोक्याच्या वर नेला, जिथे दोरी असायची तिथे. हाताला काही लागलं नाही. हात तसाच राहिला.

पुढचा शब्द तिच्या जिभेवर होता. बोलायचं नव्हतं. तिने हात लांब केला आणि टेबलावर बोटाने दोनदा वाजवलं. टक टक.

त्याचा हात खाली आला.

"छापखाना," तो म्हणाला. साध्या आवाजात, न ओरडता.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं. "काकू, कुठे निघालात?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण खुर्चीवरून उठून उभ्या आहोत आणि पिशवी खांद्याला लावली आहे. ती ओशाळून पुन्हा बसणार होती. पण त्याने दोन टोले दिले नव्हते. बोट टेबलाच्या वर धरून, खुर्चीतून जमेल तेवढा वाकून, तो तिच्या पायांकडे बघत होता.